जोड, गुणतक्ता आणि घड्याळ : मौद्याच्या परिसरातील शारीरिक कसोट्यांचा इतिहास

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, कन्हान नदीच्या काठी असलेले मौदा हे तालुक्याचे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते बहुधा २,३२० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पामुळे. पेंच प्रकल्पाच्या कालव्यांवर धान पिकवणाऱ्या या तालुक्याच्या एका अंगाला १८२१ साली वसलेली कामठीची लष्करी छावणी आहे आणि दुसऱ्या अंगाला शंकरपटांचा नाद असलेला भंडारा जिल्हा आहे. त्यामुळे ताकद आणि वेग यांचे माप घेण्याच्या निरनिराळ्या रीती या मुलखात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्या रीतींचा मागोवा एका प्रश्नापुरता घेतला आहे. कसोटीला उतरणाऱ्याने स्वतःकडून किती अपेक्षा धरावी हे कोणी ठरवायचे, आणि हा अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे कसा जात राहिला, हा तो प्रश्न होय.

आज हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे तो 'हायब्रिड' म्हणवल्या जाणाऱ्या शर्यतींमुळे. धावण्याचा दम आणि ओझे हलवण्याची ताकद या दोहोंची परीक्षा मध्ये विश्रांती न देता, एकाच घड्याळावर घेणे, हा या शर्यतींचा विशेष आहे. त्यांतील सर्वाधिक पसरलेली 'हायरॉक्स' ही शर्यत २०१७ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ख्रिस्तियान टोट्झके आणि हॉकीतील ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते मोरित्झ फ्युर्स्टे यांनी आखली, २०१८ मध्ये ती तेथे प्रथम भरली आणि मे २०२५ मध्ये मुंबईत होऊन भारतात पोहोचली. स्पर्धकाने १ किलोमीटर धावायचे आणि एक कष्टाचे काम उरकायचे, असे आठ वेळा करायचे असते. या आठ कामांत यंत्रावर दोर ओढणे आणि वल्हवणे, वजन लादलेली लोखंडी घसरगाडी ५० मीटर ढकलणे व तितकीच खेचणे, जमिनीवर आडवे होऊन उठून उड्या घेत ८० मीटर पुढे जाणे, दोन हातांत वजने धरून २०० मीटर चालणे, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर गुडघे टेकत जाणे आणि शेवटी जड चेंडू भिंतीवरच्या खुणेपर्यंत फेकत राहणे, यांचा समावेश होतो. शर्यत कोठेही भरली तरी अंतरे, वजने आणि क्रम तेच राहत असल्याने मुंबईतल्या स्पर्धकाची वेळ हॅम्बुर्गमधल्या स्पर्धकाच्या वेळेशेजारी मांडता येते. जगातले अव्वल पुरुष खेळाडू ही शर्यत ५५ मिनिटांच्या आत संपवतात, तर हौशी स्पर्धकाला साधारण दीड तास लागतो. आणि या दोन आकड्यांच्या मध्ये आपली जागा कोठे आहे हे नवख्याला सांगणारे कोणीही माणूस त्या मांडवात नसते.

आखाड्यात असे माणूस होते. पश्चिम महाराष्ट्रात जिला तालीम म्हणतात तिला विदर्भात आखाडा म्हणण्याचा प्रघात आहे, आणि आखाड्यातली मेहनत मोजली जाई ती जोर-बैठकांच्या गिनतीत. गिनती शेकड्याने चाले, मात्र ती किती वेळात झाली याची नोंद कोणी ठेवत नसे, कारण निकाली कुस्तीत, म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालणाऱ्या कुस्तीत, वेळेला फारसे मोल नव्हते. नागपूर-भंडारा भागात अशा खुल्या कुस्त्यांच्या मेळ्याला 'आम दंगल' म्हणतात. दंगलीत खरे कौशल्य लागे ते 'जोड' लावण्यात. कोणता मल्ल कोणाशी लढवायचा, हे पंच आणि दोन्हीकडचे वस्ताद मल्लांची अंगलट, वय, मागच्या कुस्त्या आणि त्या दिवशीचा त्यांचा उत्साह पाहून ठरवत. तोलामोलाची जोड लागली तर कुस्ती रंगे. फार वरचढ मल्लापुढे पोर उभे केले तर ते जायबंदी होण्याचा धोका असे आणि वस्तादाला बोल लागे. आपल्या शागिर्दाला आज काय झेपेल, सहा महिन्यांनी काय झेपेल आणि कोणती कुस्ती अजून घेऊ नये, याचा हिशोब वस्तादाच्या डोक्यात असे. आजच्या भाषेत ज्याला 'वास्तववादी लक्ष्य' म्हणतात ते या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जोड या शब्दाने ओळखले गेले, आणि ते ठरवण्याचा भार शागिर्दावर कधीच नव्हता. या व्यवस्थेत दोषही होते. वस्तादाची मर्जी, जातीपातीचे अडसर आणि स्त्रियांना आखाड्याची बंद दारे हे विसरून तिचे गोडवे गाणे योग्य होणार नाही.

विसाव्या शतकात या तोंडी ज्ञानाला संस्थांचे आणि ग्रंथांचे रूप येऊ लागले. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामशिक्षक घडवण्याचे वर्ग चालवले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तर बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. या साऱ्या प्रयत्नांमागे वस्तादाच्या डोक्यातला हिशोब कागदावर उतरवावा आणि सर्वांना मोकळा करावा ही धडपड दिसते.

घड्याळ मात्र या भागात दोन वेगळ्या वाटांनी आले. एक वाट बैलांची होती. शंकरपट म्हणजे सरळ आखलेल्या धावपट्टीवर बैलजोडी पळवण्याची वैदर्भीय शर्यत. जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. पटावर जोडीची धाव सेकंदांत, आणि सेकंदाच्याही अंशांत, मोजण्याची सवय रुजल्यामुळे ज्यांनी कधी मैदानी खेळ पाहिले नव्हते अशा शेतकऱ्यांच्या बोलण्यातही अमुक जोडी अमुक सेकंदांची, ही भाषा सहज रुळली. पटाच्या शौकिनाला आपली जोडी किती सेकंदांत पळते हे पक्के ठाऊक असते, आणि कोणत्या पटावर, कोणत्या गटात ती उतरवायची हे तो त्यावरून ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने अशा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित राज्यांचे कायदे वैध ठरवले. पटांचा हा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे इतकेच नोंदवायचे की या मुलखात सेकंद हे माप परके नाही.

दुसरी वाट छावणीची. इंग्रजी फौजेच्या कवायती आणि शाळा-महाविद्यालयांतले मैदानी खेळ यांबरोबर जी मापे आली ती आजही उमेदवारांच्या अंगावर आहेत, फक्त त्यांची नावे बदलली आहेत. पुरुषांच्या गोळाफेकीतील ७.२६ किलोचा गोळा म्हणजे मुळातला १६ पौंडांचा गोळा. १६०० मीटरची धाव ही १,६०९ मीटरच्या इंग्रजी मैलाचीच, ४०० मीटरच्या चार फेऱ्यांत बसवलेली आवृत्ती आहे. कामठीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स या पायदळ रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि मौद्यासारख्या गावातून सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलांना मैल आणि बीम ही जोडगोळी परिचयाची आहे. बीम म्हणजे आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर नेणे. सैन्याच्या भरती मेळाव्यांत कित्येक वर्षे १.६ किलोमीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत धावणाऱ्याला ६० गुण, त्यानंतरच्या १५ सेकंदांत पोहोचणाऱ्याला ४८ गुण आणि दहा बीम काढणाऱ्याला ४० गुण मिळत आले. दमाची आणि ताकदीची परीक्षा एकाच सकाळी घ्यायची, ही कल्पना येथे हायरॉक्सच्या कितीतरी आधीपासून रोजच्या व्यवहारात होती.

निरनिराळ्या कसोट्यांचे गुण एका तक्त्यात आणून त्यांची बेरीज करायची, ही रीत जगात अनेक ठिकाणी वाढीस लागली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दहा प्रकारांची डेकॅथलॉन गुणतक्त्यावर खेळली गेली. सोव्हिएत संघाने १९३१ मध्ये श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज असल्याचे बिल्ले देणारी कसोटी सुरू केली. भारत सरकारने १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम काढून धावणे, उड्या आणि फेक यांची मानके आखली. वस्तादाचा अधिकार गुणतक्त्याकडे गेला तो असा. गुणतक्ता कोणाचा नातलग नसतो, कोणाची जात विचारत नाही आणि मुलींसाठी त्यात वेगळा रकाना असतो. लोकशाहीला हे माप मानवणारे होते आणि त्यामुळे असंख्य घरांतल्या मुलांना, विशेषतः मुलींना, प्रथमच मैदान मिळाले, ही या बदलाची मोठी कमाई मानली पाहिजे.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीचा तक्ता हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. अलीकडच्या नियमांप्रमाणे मैदानी चाचणी ५० गुणांची असते : पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, स्त्रियांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. पुरुषांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत, १०० मीटर ११.५ सेकंदांत आणि गोळा ८.५ मीटरवर टाकला तर पैकीच्या पैकी गुण पडतात; स्त्रियांसाठी हेच आकडे ८०० मीटरला २ मिनिटे ५० सेकंद, १०० मीटरला १४ सेकंद आणि गोळ्याला ६ मीटर असे आहेत. त्याखाली सेकंदांच्या आणि सेंटिमीटरच्या टप्प्यांनी गुण उतरत जातात. या चाचणीला उमेदवारांच्या तोंडी 'ग्राउंड' म्हणतात. 'ग्राउंडला किती पडले?' हा प्रश्न मैदानाबद्दल नसून गुणांबद्दल असतो, आणि 'सोळाशे', 'शंभर', 'गोळा' हे शब्द विशेषणांवाचून नामासारखे वापरले जातात. लेखी परीक्षा आधी की ग्राउंड आधी, हा क्रमही २०१९ आणि २०२२ च्या बदलांत पालटला, आणि दर पालटाबरोबर तयारीची सारी घडी नव्याने बसवावी लागली.

मात्र गुणतक्त्याला डोळे नसतात, याची किंमत राज्याने मोजली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरच्या धावेत उतरलेले काही तरुण कोसळले आणि मृत्युमुखी पडले. उकाडा व दमटपणा असला की घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि धावणारा स्वतः वेग कमी करणार नसेल तर उष्माघाताचा धोका फार वाढतो. ज्याच्यासमोर नोकरी आहे तो वेग कमी करीत नाही. गावाकडच्या कोरड्या पहाटे धावून ठरवलेले लक्ष्य मुंबईच्या जूनमध्ये जसेच्या तसे वापरणे, हे ज्याने उमेदवाराला आदल्या दिवशी पाहिले असते अशा कोणत्याही वस्तादाने होऊ दिले नसते. पुढे शिपाईपदाच्या उमेदवारांसाठी पुरुषांची लांब धाव १६०० मीटरवर आली. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटरची धाव राहिली. या मृत्यूंचा उल्लेख भरतीच्या इतिहासात ओझरता केला जातो, परंतु लक्ष्य चुकीचे ठरवणे म्हणजे काय असू शकते हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही सांगितलेले नाही.

तालुक्याच्या गावांतली भरतीची मुले या तक्त्याशी कशी झुंजतात, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. चार फेऱ्यांत वाटले तर एका फेरीला साडेसत्याहत्तर सेकंद. पहिल्या दिवशी मुलगा पहिली फेरी ७० सेकंदांत मारतो, दुसरीला ८० लागतात, तिसरीत पाय जड होतात आणि चौथीला १०० उलटतात. बेरीज ५ मिनिटे ५० सेकंदांवर जाते. हाच मुलगा चारही फेऱ्या ८५ सेकंदांच्या ठेवील तर ५ मिनिटे ४० सेकंदांत येतो, आणि दमलेलाही कमी असतो. मुलींच्या ८०० मीटरचे गणितही असेच आहे : १७० सेकंद, म्हणजे दोन फेऱ्या ८५ च्या. अनुभवी मुले त्यामुळे पैकीच्या पैकी गुणांचा ध्यास धरण्याआधी एकेका टप्प्याचा विचार करतात. सोळाशेत एक टप्पा वर चढायला दोन महिने लागणार असतील आणि गोळ्यात पायाची ठेवण व कंबरेचा झोका सुधारून दोन आठवड्यांत तितकेच गुण वाढणार असतील, तर आधी गोळा हातात घ्यावा, हे शहाणपण कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. मैदानावर फक्कीने काढलेल्या वर्तुळाभोवती, एकाने गोळा टाकायचा आणि दुसऱ्याने टेपने अंतर सांगायचे, अशा रोजच्या शेजारात ते शिकले जाते. मागच्या भरतीत थोडक्यात राहिलेला मोठा मुलगा अनेकदा धाकट्यांचे टायमिंग लावतो. वस्तादाची जागा त्या मैदानावर त्यानेच घेतलेली असते.

हायब्रिड शर्यतीची गाठ या मुलांशी पडते ती येथे. त्यांच्याजवळ वेग आहे, ताकदीचा सराव आहे आणि घड्याळाची भीती नाही. ज्यांच्या घरी धान आहे त्यांनी ४० किलोचे कट्टे, म्हणजे धानाची पोती, खांद्यावर वाहिलेली असतात, आणि दोन हातांत २४-२४ किलो धरून २०० मीटर चालणे हे पुरुषांच्या खुल्या गटातले काम त्यांना अवघड वाटण्याचे कारण नाही. अडचण आहे ती लांबीची. सोळाशे ६ मिनिटांत संपवणारा तरुण १ किलोमीटरला पावणेचार मिनिटे घेतो. याच वेगाने आठ किलोमीटर ३० मिनिटांत होतील असा हिशोब त्याने मांडला, तर तो पहिल्या तीन फेऱ्यांतच संपतो. ताज्या पायांची धाव आणि १५२ किलोची घसरगाडी ढकलून झाल्यावरची धाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण ढकलण्याने मांड्यांत साचलेला थकवा पुढच्या किलोमीटरमध्ये पावलाची लांबी कमी करतो आणि श्वास वर चढलेला राहतो. पहिल्यांदा उतरणाऱ्याने किलोमीटरला सव्वापाच मिनिटे धरली तर धावणे ४२ मिनिटांचे होते. आठ कामांना सरासरी पाच मिनिटे धरली तर ४० मिनिटे. आणि धावपट्टीवरून कामाच्या जागी जाण्यायेण्यात, ज्याची नोंद घड्याळ निमूटपणे घेत असते, सात मिनिटे गेली तर एकूण ८९ मिनिटे होतात. हा हिशोब नियम म्हणून मांडलेला नाही. त्यातला प्रत्येक आकडा स्पर्धकाने स्वतः मोजून बदलायचा आहे, विशेषतः वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत गेल्यानंतर लगेच धावलेला किलोमीटर, कारण लक्ष्य खरे की खोटे हे तोच सांगतो.

अशा हिशोबात अधिकार पूर्णपणे स्पर्धकाकडे येतो, आणि मनगटावरच्या घड्याळाने तो सोपा केला आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात घड्याळ झालेली वेळ दाखवते. पुढची वेळ किती धरावी हे ते सांगत नाही, आणि फोनवर दिसणारी जगज्जेत्याची वेळ तर नवख्याची दिशाभूलच करते. त्यामुळे आखाड्याचा एक धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. जोड तोलामोलाची हवी, आणि एकट्याने उतरणाऱ्याला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी एकच मिळतो, तो म्हणजे महिनाभरापूर्वीचा तो स्वतः. त्याच्यापेक्षा दोन-तीन मिनिटांनी पुढे राहण्याचे लक्ष्य ठेवणारा पुढच्या शर्यतीला पुन्हा येतो, तर पंधरा मिनिटांची मजल एका हंगामात मारू पाहणारा गुडघा धरून बसतो.

मौद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट या हिशोबात धरावी लागते, ती म्हणजे शेतीचे वेळापत्रक. जुलै-ऑगस्टात रोवणा, म्हणजे धानाची रोपे चिखलात लावण्याचे काम, सुरू झाला की घरातल्या मुली दिवसदिवस कंबरेत वाकून असतात, आणि संध्याकाळी ८०० मीटरला उभ्या राहिल्या तर त्यांची वेळ काही सेकंदांनी घसरणारच. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी येते तेव्हा मुलांचे खांदे आणि पाठ भरून येतात. भरतीची तयारी करणारे अनेक जण एका वहीत तारीख, सोळाशे किंवा आठशे, शंभर आणि गोळा असे रकाने आखून ठेवतात. त्यात ऑगस्टचा आकडा जूनपेक्षा वाईट दिसला म्हणून निराश होणाऱ्या मुलीला, तारखेच्या शेजारी 'रोवणा' एवढा एक शब्द लिहिण्याची सवय लावली, तर त्या आकड्याचा अर्थ लागतो आणि नोव्हेंबरचे लक्ष्य जूनच्या वेळेवरून धरायचे की ऑगस्टच्या, हे तिचे तिलाच ठरवता येते.